गोळी कुठे लागते आणि चालणं कुठे पुरतं: हृदयविकार टाळण्याचा घरच्या घरी मांडायचा हिशेब

औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभं राहून मला बावीस वर्षं झाली. दुकान सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, एसटी स्टँडपासून हाकेच्या अंतरावर. आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी चिठ्ठी पुढे करतं आणि हळू आवाजात म्हणतं, "ताई, यातली कोलेस्टेरॉलची तेवढी नको. चालायला लागलोय मी आता." त्याच दिवशी दुसरं कुणी तीच गोळी घेता घेता सांगतं, "गोळी चालू आहे, आता खाण्याचं टेन्शन नाही."

मला दोघांचीही काळजी वाटते. माझ्या थोरल्या भावाने ४९व्या वर्षी बीपीची गोळी स्वतःहून सोडली. मशीनवर १२६/८० दिसत होतं, रोज पहाटे पाच किलोमीटर चालणं होत होतं, मग गोळी कशाला, असं त्याचं म्हणणं. ते १२६ गोळीमुळे होतं. गोळी सुटली तसं मशीनही कपाटात गेलं, आणि पाच महिन्यांनी एका रात्री अडीच वाजता आम्ही त्याला गाडीत घालून निघालो. दोन स्टेंट पडले. आज तो बरा आहे, शेतावर जातो. पण त्या रात्रीपासून मी हा विषय मुळापासून वाचत आले. गोळी लिहायची की नाही हे डॉक्टरांनीच ठरवायचं. त्यांच्यासमोर बसण्याआधी घरी काय करायचं, काय मोजायचं आणि काय विचारायचं, ते इथे लिहिते.

पहिली पायरी: तुमच्यापुढे पर्याय आहे का, ते बघा

काही जणांसाठी निवडीचा प्रश्न संपलेला असतो. ज्यांना एकदा अटॅक येऊन गेलाय, स्टेंट बसलाय, बायपास झालीय, किंवा मेंदूत गुठळी होऊन पक्षाघात झालाय, त्यांना कोलेस्टेरॉलची गोळी लागते, मग रिपोर्टमध्ये एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, कितीही चांगलं दिसो. १९९४ मध्ये स्कँडिनेव्हियातल्या ४,४४४ हृदयरुग्णांवरच्या चाचणीचे निकाल आले. निम्म्यांना सिम्व्हास्टॅटिन हे कोलेस्टेरॉलचं औषध दिलं होतं, निम्म्यांना हुबेहूब तशीच पण औषध नसलेली गोळी. पाच-साडेपाच वर्षांत सिम्व्हास्टॅटिनच्या गटात मृत्यू ३० टक्क्यांनी कमी झाले. अशा माणसाने गोळी बाजूला ठेवून नुसत्या चालण्यावर भिस्त ठेवणं मला पटत नाही. त्याने चालायचंही आहे आणि गोळीही घ्यायची आहे.

आणखी काही जण याच रांगेत येतात. वय चाळीसच्या पुढे आणि मधुमेह आहे, त्यांना बहुतेक वेळा स्टॅटिन (सिम्व्हास्टॅटिनच्या वर्गातली कोलेस्टेरॉलची गोळी) सुचवलं जातं, एलडीएल मध्यम असलं तरी. एलडीएल १९० किंवा त्याहून जास्त असेल तर तो दोष बऱ्याचदा जन्मजात असतो आणि आहाराने आटोक्यात येत नाही. अशा घरात भावंडांची आणि मुलांची तपासणीही करून घ्यावी. मुलं बारीक आहेत म्हणून थांबू नये. बीपी पुन्हा पुन्हा १६०/१०० च्या वर येत असेल तर तीन महिने नुसतं मीठ कमी करून बघू, असं म्हणण्यात वेळ जातो आणि तेवढ्यात मेंदूला, किडनीला इजा होऊ शकते. किडनीचा जुना आजार असणाऱ्यांनीही हा निर्णय लांबवू नये.

यातलं काहीच तुम्हाला लागू नसेल, तर पुढचा सगळा हिशेब तुमचा.

दुसरी पायरी: आकडे गोळा करा, पण नीट

लोक बीपी मोजतात कसं, हे मी रोज पाहते. जिना चढून येतात, चहा पिऊन येतात, उभ्या उभ्या हात पुढे करतात आणि १५४ आलं की घाबरतात. त्या आकड्यावर काही ठरवू नका.

घरी दंडाला बांधायचं मशीन घ्या, मनगटाचं नको. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागा. लहान पट्ट्याने बीपी खोटंच जास्त दिसतं. मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, व्यायाम नको. लघवीला जाऊन या. खुर्चीला पाठ टेकवा, पाय जमिनीवर सरळ ठेवा, हात टेबलावर छातीच्या उंचीला ठेवा आणि पाच मिनिटं गप्प बसा. मग एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. सकाळी गोळीच्या आणि नाश्त्याच्या आधी, आणि पुन्हा संध्याकाळी, असं सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्या, उरलेल्यांची सरासरी काढा. दवाखान्यात १४०/९० ही जी रेघ मानतात, ती घरच्या मोजमापात १३५/८५ धरतात. हा सात दिवसांचा कागद डॉक्टरांसमोर ठेवलात, तर निम्मं काम तिथेच झालं.

रक्ताच्या तपासण्यांत लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉल आणि रक्तातली इतर चरबी), एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि क्रिएटिनिन (किडनीचं काम) एवढं सुरुवातीला पुरे. लिपिडसाठी उपाशीपोटीच जायला हवं असं आता सहसा मानत नाहीत. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली दुसरी चरबी, फार वाढलेलं आलं तरच पुन्हा उपाशीपोटी तपासायला सांगतात. घरात कमी वयात अटॅक आलेले असतील, तर लायपोप्रोटीन-ए (कोलेस्टेरॉल वाहून नेणारा एक कण) ही तपासणी आयुष्यात एकदा करून घ्यावी. तो आकडा जन्मजात असतो, चालण्याने उतरत नाही. तो जास्त निघाला तर बाकीचे सगळे आकडे अधिक कडकपणे सांभाळावे लागतात.

आणि टेप घेऊन पोटाचा घेर मोजा. आपल्याकडे पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि बायकांना ८० ही मर्यादा मानतात. "माझं वजन नॉर्मल आहे" या वाक्यावर मी का थांबते, त्याचं उत्तर पुण्यात आहे. केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये एक छोटासा लेख लिहिला, दोघांचा एकत्र फोटो घालून. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २२.३. दोघेही दिसायला सडपातळ. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. आपल्या माणसांत हाडापेराने बारीक पण आतून, पोटाच्या भागात चरबी साठलेली, हा नमुना नेहमी दिसतो, आणि याज्ञिक यांच्या गटाने पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांतही तो दाखवला आहे. म्हणून काटा नॉर्मल दाखवत असला तरी टेप लावून बघायचीच.

वहीत आणखी दोन ओळी लिहा. वडील किंवा भाऊ यांना ५५ च्या आत, आई किंवा बहीण यांना ६५ च्या आत हृदयविकार झाला का? आणि तंबाखू, कुठल्याही रूपात. विडी-सिगारेट नसेल पण मशेरी असेल, चुना-तंबाखूची डबी असेल, तर तीही लिहा. कितीतरी बायका "मला कसलं व्यसन नाही" म्हणतात आणि सकाळ-संध्याकाळ मशेरी लावतात. त्या मशेरीतही निकोटीन असतं आणि ते रक्तात जातं.

तिसरी पायरी: पुढच्या दहा वर्षांचा धोका काढा

सुट्या सुट्या आकड्यांवरून गोळीचा निर्णय होत नाही. ते एकत्र करून पुढच्या दहा वर्षांत अटॅक किंवा पक्षाघात होण्याची शक्यता किती, ते काढतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये जगाच्या २१ भागांसाठी वेगवेगळे तक्ते तयार केले, त्यात दक्षिण आशियाचा तक्ता वेगळा आहे. ४० ते ७४ वय, स्त्री की पुरुष, धूम्रपान, वरचं बीपी, मधुमेह आणि एकूण कोलेस्टेरॉल एवढ्यावरून रंगीत चौकोन सापडतो. रक्ताचा रिपोर्ट नसेल तर बीएमआयवरून चालणारा तक्ताही आहे. डॉक्टरांना सरळ विचारा, "माझा दहा वर्षांचा धोका किती टक्के येतो?"

या टक्क्याला एवढं महत्त्व का, ते उदाहरणाने सांगते. एलडीएल साधारण ४० ने उतरवलं की अटॅक आणि पक्षाघातांसारख्या घटना सुमारे एक पंचमांशाने कमी होतात, हे अनेक मोठ्या चाचण्या एकत्र करून दिसलं आहे. आता २० टक्के धोका असलेली १०० माणसं घ्या. दहा वर्षांत २० जणांना त्रास व्हायचा, तिथे १६ जणांना होईल. चार जण वाचले. ५ टक्के धोक्याच्या १०० जणांनी तीच गोळी तेवढीच वर्षं घेतली, तर पाचाचे चार होतील, म्हणजे एक जण वाचेल. गोळी तीच, खर्च तोच, त्रास झाला तर तोही तोच. म्हणून शेजाऱ्याला दिली आणि तुम्हाला नाही दिली, यात डॉक्टरांचं चुकलेलं नसतं.

तक्त्याला काही गोष्टी दिसत नाहीत. घरातला कमी वयातला हृदयविकार, लायपोप्रोटीन-ए, संधिवाताचा आमवात हा प्रकार, गरोदरपणात वाढलेलं बीपी, पाळी लवकर जाणं. बायकांच्या बाबतीत शेवटच्या दोन गोष्टी कुणी विचारतच नाही, म्हणून त्या आपणहून सांगा. यातलं काही असेल तर खरा धोका तक्त्यापेक्षा वरचा धरतात. आपल्या उपखंडात पहिला अटॅक इतर देशांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी येतो, हे ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासातून पुढे आलं. त्याच अभ्यासाने आणखी एक गोष्ट दाखवली: धूम्रपान, लिपिड, बीपी, मधुमेह, पोटाचा घेर, मनावरचा ताण, फळं-भाज्यांचा अभाव, व्यायामाचा अभाव आणि दारूच्या सवयी या नऊ बाबींत पहिल्या अटॅकचा ९० टक्क्यांच्या आसपास उलगडा होतो. नऊच्या नऊ बाबी मोजता येतात, हे मला फार धीर देणारं वाटतं.

धोका मधला येत असेल आणि मन ठरत नसेल, तर हृदयाच्या रक्तवाहिन्यांतलं कॅल्शियम मोजणारा सीटी स्कॅन हा एक मार्ग आहे. तो शून्य आला आणि मधुमेह, धूम्रपान, घरातला इतिहास यांपैकी काही नसेल, तर गोळी काही वर्षं लांबवता येते. सरसकट सगळ्यांनी तो करायची गरज नाही.

चौथी पायरी: कुठला आकडा कशाने किती उतरतो

माझ्या मते घोटाळा इथेच होतो. लोक जीवनशैली आणि औषध यांना एकाच तराजूत टाकतात. प्रत्येक आकड्याचा हिशेब वेगळा आहे.

तंबाखू सोडण्याला गोळीचा पर्याय नाही. स्टॅटिन घेऊन रोज दहा विड्या ओढणारा माणूस एका हाताने भरतो आणि दुसऱ्या हाताने ओततो. धूम्रपान सोडल्यावर वर्षभरात हृदयविकाराचा जादा धोका निम्म्यावर येतो, एवढ्या वेगाने काम करणारं दुसरं काहीही माझ्या कपाटात नाही. सोडण्यासाठी मात्र औषध मदत करतं: निकोटीनचं च्युइंगगम, पट्ट्या, डॉक्टरांच्या सल्ल्याने व्हॅरेनिक्लिन. सरकारची १८००-११-२३५६ ही मोफत हेल्पलाइन आहे, तिथे समुपदेशन मिळतं.

साखर अजून मधुमेहाच्या रेषेखाली पण वाढलेली असेल, तर चालणं आणि वजन कमी करणं गोळीच्या तोडीस तोड ठरतं. अमेरिकेतल्या २००२ च्या चाचणीत जीवनशैली बदलणाऱ्यांत नवा मधुमेह ५८ टक्क्यांनी कमी झाला, मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांत ३१ टक्क्यांनी. आपल्याकडे चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने २००६ मध्ये तोच प्रश्न भारतीयांवर तपासला. जीवनशैलीने २८.५ टक्के, मेटफॉर्मिनने २६.४ टक्के, आणि दोन्ही एकत्र केल्याने २८.२ टक्के. म्हणजे दोन्ही मिळून जास्त काही हाती लागलं नाही. इथे मी पहिला कौल चालण्याला देते.

बीपीचं मधलं आहे. भाज्या, फळं, डाळी, दूध-ताक भरपूर आणि तळकट कमी, असा डॅश नावाचा आहार १९९७ मध्ये अमेरिकेत तपासला गेला. बीपी वाढलेल्यांत वरचा आकडा सरासरी ११ ने उतरला. मीठ कमी केल्याने पाच-सहा, नियमित व्यायामाने पाच ते आठ, आणि कमी झालेल्या दर किलो वजनामागे साधारण एक, असे ढोबळ अंदाज आहेत. यांची सरळ बेरीज होत नाही, पण एका गोळीने नेहमीच्या मात्रेत वरचा आकडा साधारण नऊने उतरतो, हे लक्षात घेतलं की कळतं: १४६ वाला माणूस स्वयंपाकघरातून खाली येऊ शकतो, १७० वाला सहसा येत नाही. वरचं बीपी १० ने उतरलं की हृदय आणि मेंदूच्या घटना एक पंचमांशाने कमी होतात.

एलडीएलच्या बाबतीत जीवनशैली सगळ्यात कमी पडते. हे सांगताना मला बरं वाटत नाही, कारण लोक फार मेहनत घेतात. वनस्पती तूप बंद, कडधान्यं आणि इसबगोल सुरू, तूप-खोबरं-मटण मोजून, एवढं सगळं केलं तरी एलडीएल साधारण १० ते १५ टक्के उतरतं. १६० चं १४० होईल. ॲटोरव्हास्टॅटिनच्या १० मिलिग्रॅमने ते ३५ ते ४० टक्के उतरतं, म्हणजे १०० च्या आसपास. यकृत स्वतःच कोलेस्टेरॉल बनवतं, आणि स्टॅटिन तिथेच ब्रेक लावतं. जपानच्या अकिरा एंडो यांनी १९७०च्या दशकात बुरशीतून याच गुणाचं पहिलं द्रव्य शोधलं. तेव्हा आहार पाळूनही एलडीएल उतरलं नाही, तर तो तुमच्या निश्चयाचा पराभव समजू नका.

याचा अर्थ आहार वाया जातो असा कुणी घेऊ नये. फिनलंडच्या उत्तर कारेलिया भागात १९७२ मध्ये हृदयविकाराने माणसं ऐन तरुणपणी जात होती. लोणी, मीठ, सिगारेट यांच्याविरुद्ध अख्खा जिल्हा कामाला लागला, आणि चार दशकांत कामाच्या वयातल्या पुरुषांचे हृदयविकाराने होणारे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटले. त्या घटीत पुढच्या काळातल्या औषधांचा आणि उपचारांचा वाटा आहे, पण सुरुवात ताटातून झाली.

पाचवी पायरी: तीन महिने, घरातल्या घरात

डॉक्टर "तीन महिने बघू" म्हणाले, तर ते तीन महिने मोजून वापरा.

पहिला महिना मिठाचा. माणशी दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे सपाट एक चमचा, ही मर्यादा. रोज कोण मोजत बसणार? म्हणून महिन्याच्या पहिल्या तारखेला हिशेब करा: चार माणसं, ३० दिवस, ६०० ग्रॅम. तेवढंच मीठ एका बरणीत भरा आणि त्यातच महिना काढायचा प्रयत्न करा. लोणचं, पापड, खारे दाणे, फरसाण, पाव यांतलं मीठ या बरणीत धरलेलं नाही, त्यामुळे खरं तर बरणी आणखी कमी भरायला हवी. आमच्या घरी पहिल्या महिन्यात २०व्या दिवशी बरणी रिकामी झाली. तिसऱ्या महिन्यात पुरली. कोशिंबिरीत मीठ घालणं बंद केलं, दाण्याचं कूट आणि लिंबू वाढवलं. जीभ तीन-चार आठवड्यांत सरावते, हे मी अनुभवाने सांगते. कोकणातल्या घरांनी सुकी खारवलेली मासळीही हिशेबात धरावी.

सैंधव किंवा काळं मीठ वापरल्याने काही फरक पडत नाही, त्यातही मुख्यतः सोडियम क्लोराइडच असतं. पोटॅशियम घातलेलं कमी सोडियमचं मीठ मात्र खरंच उपयोगी आहे. चीनमधल्या खेड्यांत जवळपास २१ हजार लोकांवर ते तपासलं, २०२१ मध्ये निकाल आला, पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी. पण किडनीचा आजार असेल किंवा टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी चालू असेल, तर ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. रक्तातलं पोटॅशियम वाढणं धोक्याचं असतं.

तेलालाही तीच युक्ती. माणशी महिन्याला साधारण अर्धा लिटर, चौघांना दोन लिटर. वड्या-भज्यांचं उरलेलं तेल पुन्हा पुन्हा तापवू नका. ताटात अर्धी जागा भाजी-कोशिंबिरीला, एक उसळ रोज. ज्वारी-बाजरीची भाकरी, मटकी, हुलगे, घेवडा, मेथी, ताक: आपलं जुनं जेवण डॅशच्या फार जवळ आहे, फक्त त्यातलं मीठ आणि ठेचा आवरायचा. मूठभर बिनमिठाचे शेंगदाणे चालतात. उपवासाला साबुदाण्याऐवजी वरई, रताळं, फळं घ्या. एकादशी आणि चतुर्थी धरून महिन्यातून चार-पाच दिवस खिचडी-वडे होतात, तो आकडा छोटा नाही.

चालणं आठवड्याला किमान १५० मिनिटं. वेग असा की बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. देवळापर्यंत जाऊन कट्ट्यावर अर्धा तास बसणं यात मोजू नका. सलग वेळ मिळत नसेल तर जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. साखरेसाठी हे फार गुणकारी. आठवड्यातून दोन दिवस ताकदीचं काहीतरी हवं: सूर्यनमस्कार, खुर्चीवरून हात न टेकता उठबस, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं. शेतात राबणाऱ्या बायकांना मी वेगळा व्यायाम सांगत नाही, त्यांच्या झोपेचं आणि मशेरीचं विचारते.

तिसऱ्या महिन्याच्या शेवटी पुन्हा सात दिवस बीपी, पुन्हा लिपिड, पुन्हा टेप. आकडे रेषेखाली आले असतील तर गोळी टळली. आले नसतील तर त्याच दिवशी गोळीचं बोला. "अजून तीन महिने" असं करत करत तीन वर्षं घालवलेली माणसं मला ठाऊक आहेत.

सहावी पायरी: गोळी सुरू झाली, तर ती नीट चालवा

"एकदा सुरू झाली की आयुष्यभर" ही भीती सगळ्यात मोठी. गोळीची सवय लागत नाही. ती बंद केली की आकडा काही आठवड्यांत जुन्या जागी जातो, कारण मूळ कारण तिथेच असतं. चष्मा काढल्यावर पुन्हा अंधुक दिसतं, तसंच हे.

स्टॅटिनने स्नायू दुखतात, असं अनेक जण सांगतात. काहींना खरोखर दुखतात. पण २०२० मध्ये लंडनमधून एक विलक्षण चाचणी प्रसिद्ध झाली. त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना चार महिन्यांच्या स्टॅटिनच्या, चार महिन्यांच्या औषध नसलेल्या गोळ्यांच्या आणि चार महिन्यांच्या रिकाम्या बाटल्या उलटसुलट क्रमाने दिल्या. स्टॅटिनवर जेवढा त्रास नोंदला गेला, त्याच्या ९० टक्के त्रास औषध नसलेल्या गोळीनेही झाला. ती दुखणी खोटी नव्हती, पण बहुतेक वेळा औषधाची नव्हती. स्वतःचे निकाल पाहून त्यांतल्या निम्म्यांनी गोळी पुन्हा सुरू केली. म्हणून दुखलं तर बंद करून गप्प बसू नका. डॉक्टरांना सांगा, मात्रा कमी करता येते, प्रकार बदलता येतो. लघवी गडद रंगाची आणि अंग असह्य दुखत असेल तर त्याच दिवशी जा. स्टॅटिनने साखर किंचित वाढू शकते, हेही खरं, पण ज्यांना धोका जास्त आहे त्यांच्यात फायदा त्याहून मोठा असतो. गरोदरपणाचा विचार असेल तर स्टॅटिन आणि टेल्मिसार्टन दोन्हीबद्दल आधीच बोला.

ॲटोरव्हास्टॅटिन आणि रोसुव्हास्टॅटिन दिवसात कधीही चालतात, वेळ एकच ठेवा. सुरू केल्यावर चार ते बारा आठवड्यांत लिपिड पुन्हा तपासा. मात्रा दुप्पट केल्याने एलडीएल फक्त सहा टक्के आणखी उतरतं, म्हणून मात्रा चढवत नेण्याऐवजी डॉक्टर कधी कधी एझेटिमाइब ही कोलेस्टेरॉलची दुसरी गोळी जोडतात. बीपीच्या ॲम्लोडिपिनने घोट्यांवर सूज आली तर घाबरू नका, सांगा, बदलून मिळते. महाराष्ट्र ज्या राष्ट्रीय उच्च रक्तदाब उपक्रमात सुरुवातीपासून आहे, त्यात सरकारी दवाखान्यांतून याच साध्या, स्वस्त गोळ्या दिल्या जातात. जनऔषधी केंद्रातही त्या फार कमी दरात मिळतात. पैसे कमी आहेत म्हणून एक दिवसाआड गोळी घेणाऱ्यांनी हे आधी विचारावं.

माझ्या काउंटरवरची एक गोष्ट डॉक्टरांना कळतच नाही. गुडघेदुखीसाठी लोक स्वतःहून डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन महिनोन्महिने घेतात. या गोळ्या बीपी वाढवतात आणि हृदयाचा धोकाही. "बीपीची गोळी लागू पडत नाही" असं वाटलं, की आधी घरातल्या वेदनाशामकांचा डबा तपासा. क्लॅरिथ्रोमायसिनसारखी काही अँटिबायोटिक्स स्टॅटिनशी पटत नाहीत, म्हणून घशासाठी दवाखान्यात गेलात तरी स्टॅटिन चालू असल्याचं सांगा.

आणि "रक्त पातळ करायची" ॲस्पिरिन. अटॅक किंवा स्टेंट झालेल्यांनी ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करू नये. पण ज्यांना हृदयविकार नाही, त्यांनी खबरदारी म्हणून स्वतःहून सुरू करू नये. २०१८ मध्ये तीन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले, आणि अशा लोकांत रक्तस्रावाचा तोटा फायदा खाऊन टाकतो हे स्पष्ट झालं. शेजाऱ्याची चिठ्ठी दाखवून ती मागणाऱ्यांना मी देत नाही.

गोळ्या कमी करता येतात का?

बीपीच्या बाबतीत, हो, अनेकांच्या. आठ-दहा किलो वजन उतरलं, मीठ सुटलं, दारू बंद झाली आणि घरचं बीपी सतत ११० च्या आसपास येऊन उठताना चक्कर यायला लागली, तर सात दिवसांचा कागद घेऊन डॉक्टरांकडे जा. एकेक गोळी, एकेक टप्प्याने उतरवतात. त्यानंतर पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा तरी मोजायचं. माझ्या भावाकडून नेमकं हेच राहिलं होतं. मेटफॉर्मिनही काहींची सुटते. स्टॅटिनचं तसं नाही: रिपोर्टमध्ये एलडीएल ७० आलं, याचा अर्थ गोळी काम करतेय.

एक कागद पाकिटात ठेवा. गोळ्यांची नावं, मात्रा, शेवटचं बीपी, एलडीएल, एचबीए१सी, घरातल्या एका माणसाचा फोन. त्याच कागदाच्या मागे १०८ लिहा. छातीवर दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, दरदरून घाम, एकाएकी दम: मधुमेह असलेल्यांत आणि बायकांत कधी नुसता दम आणि मळमळच. असं झालं तर गॅसची गोळी घेऊन वाट बघू नका, स्वतः गाडी चालवू नका, तो कागद हातात घ्या आणि १०८ लावा.